धनसेबाईंचा शनिवार

गेल्या महिन्यात शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. जेवणं उरकल्यावर एक घोळका खुर्च्या ओढून माझ्याभोवती बसला. सगळे चाळिशी ओलांडलेले, कुणाची पोटं सुटलेली, कुणाचे केस गेलेले. त्यातला एक म्हणाला, "सर, आठवतंय का, धनसेबाई आम्हाला चोरून ते जपानी रक्तवालं कार्टून दाखवायच्या?"

दुसऱ्यानं लगेच टाळी दिली. "आणि सरांना पत्ताच नाही! बाजूच्याच खोलीत बसायचे!"

सगळे हसले. मीही हसलो. तिसेक वर्षं मी या गोष्टीवर असाच हसत आलो आहे.

पण त्यातला 'चोरून' हा शब्द खोटा आहे, आणि सरांना पत्ता नव्हता हे त्याहून खोटं. हे ठाऊक असलेली माणसं दोनच होती. त्यांतल्या धनसेबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. आता मी उरलो, आणि माझंही वय असं आहे की लिहायचं ते लिहून टाकलेलं बरं.

ताहिरा धनसे पनवेलजवळच्या आमच्या नावड्याच्या शाळेत आल्या त्या नव्वदच्या दशकाच्या मध्याला, चित्रकला शिक्षिका म्हणून; मी तिथं मुख्याध्यापक होतो. शाळेत तेव्हा निम्मी मुलं गावातल्या आगऱ्यांची, ज्यांच्या भातशेतीवर कारखाने उभे राहिले होते. निम्मी कॉलनीतली, त्याच कारखान्यांत कामाला आलेल्या देशावरच्या आणि कोकणातल्या माणसांची. वारा फिरला की वर्गात रसायनाचा वास यायचा आणि मुलं न सांगता खिडक्या लावून घ्यायची.

बाई पनवेलच्या मोहल्ल्यात आई आणि धाकट्या भावाबरोबर राहायच्या. लग्न केलेलं नव्हतं. सुती साडी, डोक्यावरून पदर, आणि बोटं कायम शिसपेन्सिलीनं करडी झालेली. स्टाफरूममधले कप धुताना आमचा शिपाई सांगायचा, हा धनसेबाईंचा. कपावर त्यांचे ठसे असायचे. डबा त्या उभ्यानं खायच्या, मैदानाकडच्या खिडकीत. मुलं कबड्डी खेळत असायची. मला वाटायचं, बाईंना खेळाची आवड असेल. एकदा शेजारी जाऊन उभा राहिलो, तर म्हणाल्या, "सर, बघा, माणूस पडताना आधी मान जाते. हात नंतर येतात. आणि आपली पोरं चित्रात माणूस पाडतात तो ओंडका पडावा तसा."

चित्रकलेच्या सरकारी परीक्षा असतात, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. त्यात स्मरणचित्राचा एक पेपर. एखादा प्रसंग देतात आणि मुलांनी तो आठवून, माणसांसकट, रंगवायचा. आता आठवून कोण काढतो! सगळ्या शाळांत एकच पद्धत: चार माणसं घोटून पाठ करून घ्यायची. डोक्यावर हंडा घेतलेली बाई, काठी टेकलेला म्हातारा, एक फुगेवाला, एक पाठमोरं पोर. विषय जत्रा असो की बाजार, हीच मंडळी तिथं हजर. मुलं पास होत, शाळेचा निकाल लागे, कुणाची तक्रार नसे.

बाई रुजू झाल्यानंतर पहिल्याच महिन्यात नववीच्या कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्या खोलीत आल्या. "सर, मी विषय दिला होता 'आग'. ही बघा. मागं घर पेटलंय आणि ही बाई हंडा घेऊन शांत उभी आहे. निदान पाणी तरी ओत म्हणावं तिला!"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "एका पोरानंसुद्धा पळणारा माणूस काढलेला नाही," त्या म्हणाल्या. "यांना पळता येतं, मारता येतं, पडता येतं. कागदावर आले की सगळे फोटोला उभे राहिल्यासारखे."

त्यानंतर त्यांच्या वर्गातून आवाज येऊ लागले. त्यांचा नियमच होता, आधी ओरडायचं, मग रेघ मारायची. "रेघेला राग येऊ दे," असं त्या सांगायच्या. गणिताच्या सरांनी तक्रार केली. मी बाईंना जरा हळू म्हणून सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या, आणि आवाज होता तेवढाच राहिला.

मग एका शनिवारी, सकाळच्या शाळेत, बाजूच्या चित्रकलेच्या खोलीतून अशी किंकाळी आली की माझ्या हातातला चहा सांडला. जाऊन पाहतो तर खिडक्यांना चादरी, शाळेचा टीव्ही आणि व्हिडिओ मधोमध, आणि पन्नासेक मुलं फरशीवर दाटीवाटीनं बसलेली.

पडद्यावर कार्टून होतं. पण आपल्याकडे रविवारी लागायचं तसलं नव्हे. एक एकाक्ष नावाडी, त्याच्या हातात साखळीला बांधलेला जहाजाचा नांगर, आणि समोर राक्षसांची फौज. त्यानं नांगर गरगर फिरवून सोडला की आधी मागचा डोंगर चिरायचा, मग समोरचा राक्षस. रक्त तर कारंज्यासारखं आभाळापर्यंत. तुटलेलं मुंडकं जमिनीवर पडूनसुद्धा दोन मिनिटं तावातावानं भाषण करत होतं. भाषा जपानी, खाली एक अक्षर नाही. त्यामुळे संवाद मुलंच पुरवत होती. मागच्या रांगेतला गावचा एक पोरगा मुंडक्याच्या वतीनं ओरडला, "माजे आयशीला सांगा, आज भात नको रांधू!" आणि खोलीत हशा पिकला.

तेवढ्यात बाईंनी व्हिडिओ थांबवला. नांगर राक्षसाच्या छातीत घुसलेला, राक्षस हवेत, चित्र जागच्या जागी थरथरतंय. "हं. पाठीचा कणा कुठं वाकलाय? पाय का सुटलेत? काढा!" खोलीत एकदम पेन्सिलींची खरखर सुरू झाली. मी आयुष्यभर वर्ग पाहिले. इतकी एकाग्रता मी कुठल्याच तासाला पाहिलेली नाही.

मी रागावायला आलो होतो. पण चित्र पुन्हा सुरू झालं आणि मी दारातच उभा राहिलो. मध्येच बाईंनी चटकन एक ड्रॉइंग बोर्ड उचलून पडद्यासमोर धरला. मुलं ओरडली, "बाई, बोर्ड काढा!" बाई शांतपणे वाट पाहत राहिल्या आणि मग बोर्ड खाली घेतला. मुलांनी पाहू नये असं कपड्यांबाबतचं काही तिथं असावं. कॅसेट त्यांनी आधी घरी इतक्या वेळा पाहिली होती की बोर्ड कधी धरायचा आणि कधी काढायचा हे त्यांना पाठ होतं.

तास संपल्यावर मी आवाज चढवून बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच. "बाई, तो नावाडी शेवटी मरतो का हो?"

"पुढच्या कॅसेटीत कळेल. भाऊ आणणार आहे." त्यांचा भाऊ बंदराजवळ जासईला कंटेनर यार्डात कामाला होता. जहाजावरचे खलाशी असल्या कॅसेटी टाकून जात, तो त्या बहिणीसाठी घेऊन यायचा.

"पण एवढं रक्त? पोरांना?"

बाई ब्रश धूत होत्या. पाठ माझ्याकडेच होती. म्हणाल्या, "सर, खरा मार मी पाहिलाय. पनवेलच्या बाजारात, भर सकाळी. मी मेथी निवडत होते. शेजारी एक माणूस नुसता खाली बसला. मला वाटलं, चक्कर आली. त्याला भोसकलं होतं. काही आवाजसुद्धा झाला नाही हो. पलीकडची बाई भाव करत होती, ती भाव करतच राहिली." त्यांनी नळ बंद केला. "तेव्हापासून मला आपले पिक्चर बघवत नाहीत. हिरो मारतो, दहा माणसं पडतात, कपडे झटकून घरी जातात. या जपान्यांच्यात निदान एक माणूस मेला तर डोंगर फुटतो. मरणाला त्याच्या मापाची जागा देतात. आणि खोटं इतकं उघड खोटं की पोरगं त्याला भुलत नाही. मजा येते, छातीत धडधडतं, आणि आपण कुणाला काही केलेलं नसतं."

मला सगळं पटलं असं नाही. पण त्यांच्या टेबलावर मुलांची चित्रं पडली होती. 'आग' याच विषयावरची. त्यांत माणसं पळत होती, एकमेकांवर आदळत होती, एक बाई पदरानं ज्वाळा झोडपत होती.

मी म्हणालो, "चालू द्या. माझी हरकत नाही."

"लेखी देता का सर? मी प्रोबेशनवर आहे."

"लेखी कशाला! मी मुख्याध्यापक आहे, मी सांगतोय ना. फक्त बाहेर बोलू नका. मला माहीत नाही असं समजा."

त्यांनी मान हलवली. आमच्या पिढीच्या अधिकाऱ्यांची ही रीतच होती. काम होऊ द्यायचं, पण सही कुठं पडू द्यायची नाही. तेव्हा मला यात चातुर्य वाटत असे.

शनिवार चालू राहिले. दोन-तीनदा मी स्वतः मागं जाऊन बसलो. मुलं म्हणतात मला पत्ता नव्हता. अंधारात त्यांनी मला पाहिलं नाही इतकंच.

गणपतीनंतर नववीतल्या दोघांची मधल्या सुट्टीत मारामारी झाली. एकानं दुसऱ्यावर कर्कटक चालवलं. भुवईच्या वर खोल जखम, सदरा रक्तानं भिजलेला. आणि कर्कटक उगारताना तो पोरगा त्या नावाड्यासारखा ओरडला होता. हे पन्नास मुलांनी ऐकलं आणि पन्नास घरी सांगितलं. याच दोघांनी आदल्या वर्षी स्टंपांनी एकमेकांना बडवून दात पाडले होते. तेव्हा कुणी क्रिकेटवर सभा बोलावली नव्हती.

पण या वेळी ज्याला लागलं तो आमच्या संस्थेचे अध्यक्ष अनंताशेठ यांचा पुतण्या होता. शेठ गावचे जुने शेतकरी. जमीन गेल्यावर त्यांनी कारखान्यांना माती-खडी पुरवायला सुरुवात केली आणि मोठे झाले. शाळेची जागा त्यांनीच दिलेली. दुसऱ्या दिवशी ते माझ्या खोलीत आले. मागं व्हरांडाभर पालक. शेठ ओरडले नाहीत, हेच वाईट होतं.

"मास्तर, माजे भावाच्या पोराला दोन बोटा वर लागलाय. दोन बोटा खाली आसता तं डोला गेला व्हता. पोरांना ह्या कोन शिकवतंय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "ती पनवेलची बाई." नाव घेतलं नाही. नाव न घेण्यातच सगळं होतं. त्या वर्षांत मुंबई दंगलीत नुकतीच जळून निघाली होती, आणि एका विशिष्ट नावाच्या बाईनं आमच्या पोरांना रक्त दाखवावं, याचा अर्थ लोक आपापल्या मनात लावत होते. उघड कुणी बोललं असतं तर मला निदान उत्तर देता आलं असतं.

शेठ उठता उठता म्हणाले, "शनवारी कमिटी बोलावतो. त्या कॅशेट आमाला बघायचीय."

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर कमिटी जमण्याआधी बाई मला व्हरांड्यात गाठून म्हणाल्या, "सर, परवानगीचं विचारतीलच. माझी नोकरी त्यावरच आहे. तुम्ही सांगाल ना?"

"वेळ आली की मी बोलेन," मी म्हणालो. "तुम्ही त्यात पडू नका."

त्यांचा चेहरा निवळला. तो मला अजून दिसतो.

सातजण होते. शेठ, एक वकील, कॉलनीतल्या पालकांतर्फे एका कारखान्यातले साहेब, बाकी गावचे. चादरी लावल्या. कॅसेट सुरू झाली. पहिली पाच मिनिटं सगळे हाताची घडी घालून ताठ बसले होते. मग नांगर फिरला, डोंगर चिरला, आणि वकिलांच्या तोंडातून "आयला" निघालं. चहा आला तो तसाच राहिला. शेठ पुढं सरकत सरकत खुर्चीच्या काठावर आले.

"आता ह्यो उठनार, बग."

"नाही शेठ, मान गेली त्याची," कारखान्याचे साहेब म्हणाले.

"मान गेली तरी उठतंय तो! मगाशी नाय का उठला?"

तो खरंच उठला. शेठनी मांडीवर थाप मारली.

माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, सुटलो. ही माणसं आता हसतील, ताकीद देतील आणि चहा पितील. इतक्यात टीव्हीशेजारी उभ्या असलेल्या बाईंनी सवयीनं ड्रॉइंग बोर्ड उचलला आणि पडद्यासमोर धरला.

"अहो बाई, बाजूला व्हा," वकील म्हणाले.

"हा भाग मी दाखवत नाही."

"पोरांना नसेल. आम्ही काय पोरं आहोत?"

बाईंनी बोर्ड हलवला नाही. "मग आधी ठरवा साहेब. मी पोरांना काय दाखवते ते बघायला बसलात, की तुम्हाला बघायचंय म्हणून बसलात?"

शेठ मागं टेकले. वकिलांनी चष्मा काढून पुसला. सातही जणांना एकाच वेळी आठवलं की आपण कमिटी आहोत, आणि आपल्याला रंगून बघताना या बाईनं पाहिलं आहे. हे मात्र त्यांना माफ करता येण्यासारखं नव्हतं.

"बंद करा ते," शेठ म्हणाले.

बाईंनी व्हिडिओ थांबवला. शिपायानं एक चादर ओढून उजेड आत घेतला. वकिलांनी घसा साफ केला. "असलं हिडीस काहीतरी शाळेत दाखवायचं, तर कुणाला विचारून दाखवलंत? परवानगी कुणाची?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. विनवणी वगैरे नव्हती. आता तुमची वेळ आली, एवढंच त्या नजरेत होतं.

मी उठलो. वेळ आली होती आणि मी उठलोही होतो. पण उठून मी व्हिडिओकडे गेलो. कॅसेट बाहेर काढायची आहे असं दाखवत बटणं दाबू लागलो. माझी पेन्शन जवळ आली होती. शेठनी मनात आणलं असतं तर माझी शेवटची वर्षं नासवू शकले असते. ही कारणं मी नंतर शोधली. त्या क्षणी फक्त भीती होती, आणि पाठ फिरवायला एक यंत्र समोर होतं. कॅसेट घरघर करत वर येत होती.

माझ्या पाठीमागं बाईंचा आवाज आला. "कुणालाच विचारलं नव्हतं. माझं मीच ठरवलं."

"मास्तर," शेठनी विचारलं, "तुमाला म्हाईत व्हता?"

कॅसेट हातात घेऊन मी वळलो. बाई माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्या टेबलावरच्या पेन्सिली गोळा करत होत्या.

"नव्हतं," मी म्हणालो.

तेव्हा आता लिहून ठेवतो. मला माहीत होतं. परवानगी मी दिली होती, त्यांनी लेखी मागितली होती आणि मी ती टाळली होती. मागच्या रांगेत बसून ती कॅसेट मीही पाहिली होती, आणि मला ती आवडली होती. त्या मारामारीचा बाईंशी संबंध नाही, हे मला त्याच दिवशी कळत होतं. बाई खोटं बोलल्या ते माझ्यासाठी, आणि त्यांचं खोटं मी खरं करून दिलं.

आठवड्याच्या आत बाईंकडून राजीनामा घेतला. 'प्रोबेशन समाधानकारक नाही' असा शेरा पडण्यापेक्षा ते बरं, असं मीच त्यांना समजावलं. त्यांनी सही केली, खोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "सातवी ब मधल्या पोरींचे कागद कपाटात वरच्या फळीवर आहेत. ओले होतात तिथं, बघा." एवढंच. मला त्या काही बोलल्या असत्या तर मी इतकी वर्षं तेच बोलणं मनात उगाळत बसलो असतो. त्यांनी तीही सोय ठेवली नाही. स्टाफरूममध्ये सगळे मला म्हणाले, "सर, तुमच्या चांगुलपणाचा बाईंनी फायदा घेतला." मी मान हलवत राहिलो.

पुढं त्यांना कुठल्याच शाळेत कायमची नोकरी लागली नाही. गोष्ट त्यांच्या आधी पोचायची. घरी शिकवण्या घेतात असं कानावर यायचं. पनवेल दूर नव्हतं. मी गेलो नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते मी निवृत्त झालो त्या वर्षी. पनवेलच्या बाजारातल्या एका व्हिडिओ लायब्ररीत मी बायकोसाठी एका नाटकाची कॅसेट घ्यायला गेलो होतो. दारातून बाई आत आल्या, हाताला धरलेली म्हातारी आई. त्या वाळल्या होत्या. मला काय झालं कोण जाणे, मी दोन पावलं मागं सरून धार्मिक कॅसेटींच्या फळ्यांआड उभा राहिलो.

"जपानी काही आलंय का?" त्यांनी विचारलं.

दुकानदार तरुण होता. "एक आलीय, पण बाई, ती बच्चालोकांची नाय हां. लय मारामारी हाय. एकदम खून-खराबा."

"मला माझ्यासाठीच पाहिजे."

"तुम्हाला?" तो हसला.

"हो, मला. त्यात हसण्यासारखं काय आहे? दे इकडे."

आई बोळक्या तोंडानं म्हणाली, "ताहिरा, मागच्या येलंसारखी चांगली हाय ना गं? ज्यात तो उडतो ती?" बाई खळखळून हसल्या. शाळेत त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. पैसे देऊन दोघी बाहेर पडल्या.

मी फळ्यांआडून पुढं आलो. दुकानदार माझ्याकडे पाहत होता. "काका, ओळखीच्या आहेत का तुमच्या?"

"नाही," मी म्हणालो.

बाहेर त्या रस्ता ओलांडायला उभ्या होत्या. एका हातात कॅसेट, दुसऱ्यात आईचं मनगट. उरणच्या बाजूनं एक कंटेनरचा ट्रेलर हॉर्न दाबत येत होता. बाईंनी कॅसेटीचा हात त्याच्यासमोर सरळ धरला. त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, त्या आईच्या पावलांकडे बघत होत्या. ट्रेलर कचकन ब्रेक लावून थांबला. मागं गाड्या साचल्या, कुणी शिवी दिली. दोघी अजिबात घाई न करता पलीकडे गेल्या.